खराबीची बरणी

मशीन दुरुस्तीला आलं की माझे घरमालक, चाचा, आधी त्याचा वास घ्यायचे. स्क्रू-ड्रायव्हर नंतर. पिवळं पडलेलं ते प्लास्टिकचं खोकं दोन्ही हातांनी नाकाजवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग गिऱ्हाइकाला शांतपणे सांगायचं, "तुमच्या घरात झुरळं हायेत." गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचं, स्वतःची गाडी काढून आलेलं, सोबत बायको. तिच्यासमोर असं ऐकावं लागलं की त्याचा चेहरा पडायचा. चाचांना त्याचं काही नसे. "ट्रान्सफार्मर गरम ऱ्हातो. झुरळाला ऊब लागते. त्याची काय चूक?" एवढं बोलून ते खोकं ठेवून घ्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मशीन म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम. कॅसेट खुपसून चालू करायचे, ते. माझ्या लहानपणी ज्यांचा बाप किंवा मामा आखातात असायचा त्यांच्याकडे तो गेम असायचा, आणि बाकीची गल्ली त्यांच्या खिडकीला लोंबकळलेली असायची. पुढे ती खोकी माळ्यावर गेली. आता तीच पोरं पोक्त झाली, हातात पैसा खेळू लागला, आणि माळ्यावरचं खोकं काढून 'हे चालू करून देणारा कोणी आहे का' असं विचारत फिरू लागली. तो माणूस मुरुडला होता आणि मी त्याच्या माडीवर भाड्याने राहत होते.

बँकेने माझी मुरुडला बदली केली तेव्हा मी कडाकडा बोटं मोडली होती. नवरा आणि मुलगी पेणला, मी इथे. शनिवारी एसटी धरून घरी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने डोळे चोळत परत यायचं. कोणी प्रेमाने विचारपूस केली तरी मी वसकन अंगावर जावं, असे ते दिवस होते. चाचांनी विचारपूस वगैरे केली नाही. किल्ली हातात देताना एवढंच म्हणाले, "वर मिक्सर लावाल तर आधी आवाज द्या. खाली मशीन उघडं असतं." मला ते बरं वाटलं.

रस्त्याच्या अंगाला त्यांचं दुकान, दुकानामागे घर. घराचं खरं दार बाजूच्या गल्लीत होतं, पण चाचा दुकानातूनच आतल्या दाराने ये-जा करायचे. मूलबाळ नव्हतं. ते आणि चाची, दोघंच.

दुकानात एक पाटी होती: कॅसेटमध्ये फुंकू नये. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, तोंडाशी धरून फू करायची आणि परत घालायची, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने केलेलं आहे. कोणी शिकवलं कोणास ठाऊक, पण सगळ्यांना येत होतं. चाचांसमोर कोणी चुकून तसं केलं तर मात्र त्याची खैर नसे. "तोंडातली वाफ आन ही खारी हवा. पितळ हिरवं पडतं. दुवा पढून दम करायला, फुंकायला मौलवी हाय की, कॅसेटला कशाला?" चाळिशीतला, टाय लावणारा एखादा माणूस शाळेतल्या पोरासारखा कॅसेट खाली ठेवायचा.

खाऱ्या हवेशी त्यांचं जुनं वैर होतं. किनाऱ्यावरचं मशीन आलं की ते आतली सर्किटची पाटी सुटी करून विहिरीच्या गोड्या पाण्याने चक्क धुवायचे आणि दुकानाच्या मागे दोरीवर चिमट्याने लावून वाळत घालायचे. एकदा गल्लीतून जाणाऱ्या कोळणीने माशांची पाटी डोक्यावर सावरत विचारलं, "चाचा, ही कुटली मासली सुकत घातलीव?" चाचा मान वर न करता म्हणाले, "कुवेतची." ती हसत हसत गेली. चाचा हसले नाहीत. ते सहसा हसतच नसत, आपण काही हसण्यासारखं बोललो हे त्यांच्या गावीही नसे.

आणि ती बरणी. फळीवर, सोल्डरिंगच्या इस्त्रीशेजारी, एक मोठी काचेची बरणी होती, कधीकाळी लोणच्याची असणार. मशीनमधून काढलेला प्रत्येक खराब पार्ट ते तिच्यात टाकायचे. फुगलेले कंडेन्सर, जळके रेझिस्टन्स, गंजक्या वायरींचे तुकडे. मी एकदा चिडवलं, "चाचा, मुरलं का लोणचं?" तर त्यांनी एक कंडेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा लावला तर चित्र हलतं. तो लावला तर आवाज फाटतो. परतेकाची खराबी निराळी, म्याडम." मी म्हटलं, मग फेकून द्या की. ते म्हणाले, "चांगला पार्ट कुटं बी मिळतो. खराब पार्ट आपल्याला पायजे तसाच मिळंल, याची ग्यारंटी नाय." विक्षिप्त माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

गिऱ्हाइकांना हवं असायचं ते वेगळंच. जुनी मशीनं अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवतात, नव्या टीव्हीवर ते धड दिसत नाही. मग चाचा मशीन उघडून चित्र आतूनच सरळ बाहेर काढायचे, नवी वायर बसवायचे, आणि नव्या टीव्हीवर ते इतकं लख्ख उमटायचं की गिऱ्हाईक पडद्याला नाक लावून बघत बसायचं. हे काम त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी करत नाही, असं लांबून आलेली माणसं म्हणायची. चाचांना मात्र त्या चित्रात काडीचा रस नव्हता. "घ्या. आता एकेक चौकोन मोजा," असं म्हणून ते पाठ फिरवायचे.

दुपार कलली, असरची नमाज झाली की दुकान बंद. यात तडजोड नाही. एकदा एक जण पुण्याहून आला, नेमका त्याच वेळी. चाचा फळ्या लावत होते.

"चाचा, एवढ्या लांबून आलोय. आजच परत जायचंय."

"जावा की. उद्या या."

"अहो, दोन मिनिटांचं काम—"

"असर झाली," चाचा म्हणाले आणि शेवटची फळी लावली.

मला वाटायचं, देवाधर्माचं असेल काही. पण दिवस बुडून मगरिबची बांग होईपर्यंत हा माणूस घरातून बाहेर पडत नसे, आणि खालून एकच एक टिंगटिंग धून माझ्या फरशीतून वर येत राहायची. बँकेतून डोकं पिकवून आलेल्या बाईला रोज संध्याकाळी तेच ऐकावं लागलं तर काय होईल? पहिल्याच महिन्यात मी एकदा भांडायचं ठरवून खाली उतरले आणि गल्लीतल्या दाराची कडी वाजवली.

दार चाचीने उघडलं. गोरीपान, बारीक चणीची, डोक्यावरून ओढणी. "तू कोनाची गो बाय?" तिने विचारलं.

"मी वरची. भाडेकरू."

"ये, बस. माजी हिरवी बग कशी पळते."

आत एक जुना पेटीसारखा टीव्ही होता, चॅनेलचं बटण कटकट फिरवायचा. समोर चटईवर चाचा बसलेले, हातात गेमचा कंट्रोलर. पडद्यावर विटांची चक्रव्यूहासारखी वाट, त्यात दोन गाड्या, एक पिवळी, एक हिरवी. पिवळी चाचांची, हिरवी चाचीची. चाचीची बोटं बघून मी भांडण विसरले. नजर पडद्यावर, चेहरा निवांत, आणि बोटं कशी चालत होती. चाचांची पिवळी गाडी दर थोड्या वेळाने कुठेतरी आपटून मरत होती.

चित्र मात्र भिकार होतं. डावी कड आत वाकलेली, एक काळी पट्टी सावकाश सरकणारी, हिरवा रंग आपली जागा सोडून शेजारी सांडलेला, आणि या सगळ्यावर मुंग्या. दिवसभर लोकांची चित्रं उजळून देणाऱ्याच्या घरात हे? मी बोललेच तसं. चाचा म्हणाले, "हिला असंच पायजे. पैल्या दिवसापासनं असंच हाय." तेवढ्यात गेम अडकला. चाचीने कॅसेट ओढून काढली, तोंडाशी धरली आणि मनसोक्त फू केलं. मी चाचांकडे पाहिलं. "तिला माफ हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. "तू कोनाची गो बाय?" चाचीने विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढे चाचांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते कुवेतला एका दुकानात टीव्ही दुरुस्त करायचे. लग्नासाठी सुट्टी काढून आले तेव्हा बॅगा उघडायला सगळा मोहल्ला जमला होता. सोनं बेताचंच निघालं, बाकी जागा या मशीनने खाल्ली होती. सासरा दोन दिवस बोलला नाही. महिनाभराने चाचा परत कुवेतला गेले, आणि मागे ही नवी नवरी रोज संध्याकाळी दोन्ही कंट्रोलर समोर ठेवून एकटीच खेळू लागली. अशी बरीच वर्षं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा हरायचे, आणि कायमचे परत आले तेव्हाही हरतच राहिले. अलीकडे तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली. आधी भांड्यांच्या जागा, मग शेजारणींची नावं. चाचांना ती कधी ओळखायची, कधी नाही. गेम मात्र राहिला होता.

संध्याकाळ झाली की तिला माहेर आठवायचं. खाडीपलीकडे, दिवेआगरच्या बाजूला बोर्लीला तिचं माहेर. आई वाट बघत असेल म्हणून ती बुरखा घालायची आणि दाराकडे निघायची. तिथे आता कोणीच नव्हतं. एकदा चाचा एका गिऱ्हाइकाशी बोलत बसले आणि तेवढ्या वेळात ती निघून गेली. आगरदांड्याच्या जेट्टीवर, पाण्याच्या अगदी कडेला उभी सापडली. लाँचवरच्या पोरांनी ओळखलं म्हणून. तेव्हापासून असर झाली की दुकान बंद. मशीन चालू असलं की ती बसायची, उठायची नाही, आणि दिवेलागणीची ती वेळ निघून जायची. एवढंच होतं ते. ते मशीन आणि तो टीव्ही चालू राहिला तर चाची घरात, नाहीतर जेट्टीवर.

त्या मोठ्या चक्रीवादळात घराची कौलं उडाली, तेव्हा चाचांनी म्हणे पहिली ताडपत्री टीव्हीवर टाकली. ही गोष्ट मोहल्ल्यात अजून हसून सांगतात. मी चाचांना विचारलं, "आणि चाचीवर काय टाकलंत?" त्यांना प्रश्नच समजेना. "तिच्यावर मी होतो ना," ते म्हणाले.

वादळातून वाचलेला तो टीव्ही एका साध्या संध्याकाळी गेला. फट् असा आवाज झाला, पडद्याच्या मधोमध एक ठिपका राहिला आणि तोही गेला. चाचांनी मागचं झाकण काढून आत पाहिलं, मग नाक लावलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. "टूब गेली," ते म्हणाले. चाची तोवर बुरख्याची बटणं लावत होती.

त्यानंतर रोज तेच. तिन्हीसांजेला चाचा तिचा हात धरून गल्लीतून निघायचे. "चाललोय ना बोर्लीला," असं म्हणत तिला बाजारापर्यंत न्यायचे, तिथून समुद्राच्या रस्त्याने फिरवून परत आणायचे. घराचं दार दिसलं की ती विचारायची, "हे कोनाचं घर?" आणि परत उलट वळायची. रात्रीची, इशाची बांग होईपर्यंत दोन म्हातारी माणसं मुरुडच्या रस्त्यावरून येरझारा घालत असायची. कधी चाचांचा श्वास चढला की मी एक फेरी मारायचे. तिचा हात इतका हलका होता की आपण कोणाला धरलंय असं वाटतच नसे.

पेटीचा टीव्ही शोधायला आम्ही जंग जंग पछाडलं. मुरुडात एकही उरला नव्हता, सगळे भंगारात गेलेले. माझा धाकटा भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, त्याला मी कामाला लावलं. उरणच्या एका भंगारवाल्याकडे त्याला एक चालू टीव्ही मिळालाही. ओळखीच्या टेम्पोत घालून तो स्वतः घेऊन आला, आणि आम्ही उघडून बघतो तर ट्यूब मानेपाशी तुटलेली. "ताय, मी काय जानून केला काय? खड्ड्यान गारी आपटली न टूबची मान मोरली." बिचारा रडकुंडीला आला होता. चाचांनीच त्याला चहा पाजला.

मग चाचांनी नवा सपाट टीव्ही आणला. अँटेनाच्या वायरीने मशीन जोडलं तर तो टीव्ही असलं चित्र दाखवायलाच तयार नाही, नुसता निळा पडदा. शेवटी त्यांनी आजवर जे केलं नव्हतं ते केलं. स्वतःचं मशीन उघडलं आणि गिऱ्हाइकांच्या मशीनला करायचे तसं चित्र सरळ बाहेर काढलं. संध्याकाळी चाचीला आणून बसवलं. चित्र आलं, एकदम लख्ख. विटेची वीट मोजून घ्यावी, हिरवी गाडी पोपटासारखी हिरवीगार.

चाची बघत राहिली. "ही माजी नाय," ती म्हणाली.

"तुजीच हाय. हिरवी बग."

"माजी अशी नाय. कोनाची आनलीत?" तिने कंट्रोलर अलगद खाली ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा, आणि बुरखा शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि का कोण जाणे, मी त्या आठवड्यात पेणला गेले नव्हते. सकाळी खाली आले तर चाचा दुकानात बसले होते आणि समोर वर्तमानपत्रावर ती बरणी उलटी केलेली. सगळी खराबी पसरून ते एकेक पार्ट उजेडाकडे धरून बघत होते. मला बघून म्हणाले, "म्याडम, बसा. पट्टी वर जायाची का खाली?"

मला आधी कळेना. मग कळलं. आयुष्यभर बिघडलेलं चित्र नीट करणारा हा माणूस आता नीट चित्र बिघडवायला बसला होता. आणि नुसतं बिघडवून चालणार नव्हतं, हुबेहूब तसंच बिघडायला हवं होतं. एक फुगलेला कंडेन्सर जोडायचा, बघायचं, काढायचा, दुसरा जोडायचा. एकाने चित्र नुसतंच थरथरलं. एकाने रंगच गेले. एकाने डावी कड वाकली, पण जरा जास्तच. मी ओरडले, "थोडी कमी!" आणि माझं मलाच हसू आलं.

काळ्या पट्टीवरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणत होते ती खालून वर जायची. चाचा म्हणत होते वरून खाली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, इतकी वर्षं रोज बघत होता ना तुम्ही?"

"मी चित्राकडं कुटं बगत होतो," चाचा म्हणाले. "मी तिच्याकडं बगत होतो. म्हनून तर तुमाला विचारतो."

त्यांनी पुढचा कंडेन्सर उचलला. पट्टी खालून वर गेली.

बरेच दिवस हे चाललं. लांबची मशीनं दुकानात पडून राहिली, गिऱ्हाइकांचे फोन वाजत राहिले. चाचांनी जुन्या टीव्हीची पेटी रिकामी करून त्यात नवा टीव्ही बसवला. चॅनेलचं बटण नुसतं कटकट फिरावं, इतपत ठेवलं. दिवसा काम करायचं आणि सांजेला चाचीला घेऊन रस्त्याने फिरायचं. या दिवसांत चाची फार उतरली आणि चाचाही.

अखेर एका संध्याकाळी तिला आणून बसवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. तिने बटण फिरवलं, कट, कट. कॅसेट उचलली, फू केलं, घातली. मुंग्या आल्या, मग विटा आल्या, वाकलेल्या. पट्टी सावकाश वर गेली. हिरवा रंग शेजारी सांडला. चाची पुढे झुकली. "आली," ती म्हणाली. तिची बोटं चालू लागली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. ते चटईवर बसले आणि त्यांनी पिवळ्या गाडीचा कंट्रोलर उचलला.

चाचीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओढणी पुढे ओढली. "मेकॅनिक, मशीन चांगलं केलंत," ती अदबीने म्हणाली. "आता तुमी जावा. हे कुवेतला हायेत. घरात मर्द मानूस नाय."

चाचांच्या हातात कंट्रोलर तसाच राहिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला हातानेच थांबवलं. उठले, कंट्रोलर तिच्याशेजारी ठेवला, "बरं, भाभी," म्हणाले आणि आतल्या दाराने दुकानाकडे जायला वळले. मग थबकले. मेकॅनिक घराच्या आतल्या दाराने कसा जाईल? ते गल्लीच्या दाराने बाहेर पडले. पडद्यावर पिवळी गाडी कोपऱ्यात जिथे होती तिथेच उभी राहिली आणि हिरवी एकटी फिरत होती.

मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. दुकानात जाऊन मी चाचांवरच काढला. "सांगा ना तिला, मीच तो म्हणून!"

"काय सांगू?" ते फळीला टेकून बसले होते. "ती कुवेतवाल्याची वाट बगते, आन वाट बगताना खूश असते. मी सांगितलं मी आलो, तर ती म्हनंल, हा म्हातारा कोन? मग तिला नवरा बी नाय आन मेकॅनिक बी नाय."

मग त्यांनी उठून आतल्या दाराला दुकानाच्या बाजूने कडी लावली.

दुसऱ्या दिवशी असरनंतर त्यांनी फळ्या लावल्या, धुतलेला सदरा घातला, हातात टेस्टर घेतला आणि गल्लीतून वळसा घालून स्वतःच्या घराच्या दाराशी आले. चपला बाहेर काढल्या. कडी दोनदा वाजवली आणि दार उघडल्यावर आत नजर जाऊ नये म्हणून भिंतीकडे सरकून खाली बघत उभे राहिले. चाचीने दार उघडलं.

"भाभी, मशीन टेस्ट करायचं हाय."

चाचीने जरा विचार केला. "वरच्या बायला बोलवा. आन दार उघडं ऱ्हाऊ द्या."

असं रोज; मी पेणला गेले की माझ्या जागी गल्लीतली एक शेजारीण. दार सताड उघडं, मी मध्ये बसलेली, आणि मेकॅनिक टेस्टिंग म्हणून पिवळी गाडी चालवतोय. दिवेलागण सरली की "मशीन ठीक हाय" म्हणून उठायचं. ती झोपली की मी खाली येऊन, कडी न लावलेलं दार हळूच ढकलून बघायचे आणि मग चाचा पाय न वाजवता आत यायचे. चाचीचा जीव स्वस्थ असायचा. बुरख्याला ती हात लावत नसे. एकदा पिवळी गाडी आपटल्यावर मला म्हणाली, "मेकॅनिक चांगला हाय गो, पन खेळता येत नाय. आमचे हे किती छान खेळतात." चाचांनी पिवळी गाडी परत सुरू केली. मी उठून पाणी प्यायला आत गेले, कारण मला तिथे बसवेना.

वर्षभराने माझी पेणला बदली झाली. मीच मागितलेली, मुलीच्या दहावीसाठी. निघताना गल्लीतल्या त्या शेजारणीलाच रोज सांजेला बसायला सांगून गेले. अधूनमधून फोन करायचे. चाचा स्वतःविषयी कधी बोलले नाहीत. "मशीन ठीक हाय," एवढंच सांगायचे, आणि मी समजून घ्यायचे. मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, "म्याडम, चाची गेली. झोपेतच." आणि मग म्हणाले, "टीव्ही चालू हाय अजून."

चाचीचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मी मुरुडला गेले. चाचा दुकानात होते. एका खोक्याचा वास घेऊन झाला होता, समोरचा माणूस झुरळांचं ऐकून कसनुसा उभा होता. दोरीवर पाट्या वाळत होत्या. बरणी फळीवर होती, निम्मी रिकामी. चहा झाला, असर झाली, त्यांनी फळ्या लावल्या. "चला, घरी बसू," म्हणाले.

मला वाटलं, आता आतल्या दाराने जायचं. पण त्या दाराची कडी तशीच लावलेली होती, गंज धरलेली. आम्ही गल्लीतून वळसा घालून गेलो. चाचांनी चपला बाहेर काढल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, हातात धरली, आणि दुसऱ्या हाताने कडी दोनदा वाजवली. मग भिंतीकडे सरकून खाली बघत उभे राहिले. मीही त्यांच्या मागे उभी राहिले. थोडा वेळ थांबून मग त्यांनी कुलपाला किल्ली लावली.